ऑरेंजचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

डावा_विंगर

२०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपचे गट जाहीर झाले. नेदरलंड्स, म्हणजे आपले नारिंगी जर्सीवाले डच, 'एफ' गटात, सोबत जपान, ट्युनिशिया आणि युरोपच्या प्ले-ऑफमधून जो कोणी निघेल तो. म्हटलं तर सोपा गट, म्हटलं तर जपान घाम काढणार. पण धागा त्यासाठी काढलेला नाही.

या संघावर माझा जीव जडला तो १९९८ मध्ये. मार्सेलला अर्जेंटिनाविरुद्ध १-१, सामना संपत आलेला. फ्रँक डी बोअरने मागून लांबलचक चेंडू टाकला. बर्गकॅम्पने तो हवेतल्या हवेत पायावर असा अलगद उतरवून घेतला की बघतच राहावं. दुसऱ्या स्पर्शात अर्जेंटिनाचा बचावपटू आयाला गंडला, तिसऱ्या स्पर्शात गोल. मी सोफ्यावरून जी उडी मारली ती आजतागायत खाली आलेलो नाही. तीनच दिवसांनी ब्राझीलने पेनल्टीवर फायनलची वाट बंद केली.

बाकी हिशेब सगळ्यांना पाठ आहे. १९७४, १९७८, २०१०: तीन फायनल, तिन्ही हरले. एकदाही कप न जिंकता तीन फायनल हरलेला दुसरा देश नाही. आणि मधूनच लहर आली की पात्रच ठरायचं नाही: १९८२, १९८६, २००२, २०१८.

तर प्रश्न असा, की घोडं नेमकं कुठे पेंड खातं? नशीब, स्वभाव, की फुटबॉलमध्येच काही खोट? आणि २०२६ ला काही आशा धरावी का?

घुबड

आशा धरा. सोबत रुमालही धरा.

जुना_खोंड

विंगरराव, तुमचं दुःख १९९८ चं, म्हणजे अजून कोवळं आहे. आमचं १९७४ चं. आम्ही ती फायनल पाहिली नाही, वाचली. चित्रीकरण बघायला मिळालं ते कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हा निकाल माहीत असूनही पोटात गोळा आला.

म्युनिक, ७ जुलै, समोर यजमान पश्चिम जर्मनी. डच संघाने मध्यावरून सुरुवात केली आणि नुसते पास. पंधराएक पास, जर्मनांच्या पायाला चेंडू नाही. कर्णधार क्रायफ मागून आला, वेग घेतला, थेट पेनल्टी क्षेत्रात, हनेसने पाडलं. इंग्लिश पंच जॅक टेलर, धंद्याने खाटीक, त्याने बोट दाखवलं. नीस्केन्सने पेनल्टी मारली. चेंडूला हात लावणारा पहिला जर्मन कोण? गोलकीपर मायर, तोही जाळ्यातून चेंडू काढताना! दोन मिनिटंही धड झाली नव्हती.

आणि इथेच माशी शिंकली. दुसरा गोल करायचा सोडून पुढची वीसेक मिनिटं चेंडू फिरवत यजमानांना खिजवत बसले. ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी केली, मध्यंतराआधी म्युलरने दुसरा घातला. संपलं. दुसऱ्या अर्धात डचांनी हल्ल्यावर हल्ले केले, पण वेळ निघून गेली होती.

त्या संघाचं सगळंच अजब होतं. जर्सीचे नंबर आडनावाच्या अक्षरक्रमाने, म्हणून १ नंबर खेल्स या फॉरवर्डला आणि गोलकीपर योंगब्लूड ८ नंबर घालून उभा. हा योंगब्लूड ॲमस्टरडॅममध्ये सिगारचं दुकान चालवायचा. क्रायफला मात्र त्याचा १४ च हवा होता, तो मिळाला. सगळ्यांच्या बाहीवर आदिदासचे तीन पट्टे, क्रायफच्या दोन, कारण त्याचा करार प्रतिस्पर्धी कंपनीशी.

तिरकस

म्हणजे ससा-कासवाची गोष्ट. फक्त यातला ससा झोपला नाही, कासवासमोर नाचत बसला.

आम्स्टेलकर

वाचनमात्र होतो, पण आता लिहितोच. अकरा वर्षं नेदरलंड्समध्ये आहे.

आधी उच्चाराचं बघू. ज्याला आपण लहानपणापासून 'गुलिट' म्हणत आलो तो 'खुलित' आहे. ख घशातून काढायचा, घसा खाकरल्यासारखा. क्रायफचा उच्चार तर मला अजून जमत नाही. क्रॉइफ आणि क्रायफ यांच्या मधे कुठेतरी आहे. ऑफिसात एकदा प्रयत्न केला, तर समोरच्याने पाणी आणून दिलं.

घुबड

खिक्क!

सासूबाई_ऑफसाइड

उच्चार राहू द्या, आधी मूळ मुद्दा. जुना_खोंड यांचा प्रतिसाद आवडला, पण 'खिजवत बसले म्हणून हरले' हे जरा पोथीत बसवलेलं वाटतं. १९७८ ला कोण खिजवत होतं? क्रायफ गेलाच नव्हता. का गेला नाही यावर तीस वर्षं तर्क लढवले गेले, कोणी म्हणे बायकोने अडवलं, कोणी म्हणे अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीचा निषेध. शेवटी २००८ मध्ये त्यानेच सांगितलं, की बार्सिलोनात घरात घुसून कुटुंबासकट त्याचं अपहरण करायचा प्रयत्न झाला होता, त्यानंतर वर्ल्डकपमध्ये मन घालणं शक्य नव्हतं.

तरीही ते ब्वेनोस आइरेसला फायनलमध्ये गेलेच. १-१, शेवटचं मिनिट, लांबून आलेला चेंडू, डावीकडून रेन्सेनब्रिंकने पाय घातला आणि चेंडू खांबावर. खांबावर! तो आत गेला असता तर कपही गेला असता डचांकडे आणि सर्वाधिक गोलांचा मानही रेन्सेनब्रिंकला. त्याचे पाच होते, अर्जेंटिनाच्या केम्पेसचे तेव्हा पाचच. जादा वेळेत केम्पेसने सहावा मारला, अर्जेंटिना ३-१. यात स्वभाव वगैरे कुठे आला? चार बोटांचं अंतर आहे सगळं.

जुना_खोंड

सासूबाई, चार बोटं तीनदा कशी आडवी येतात हेच तर विचारतोय धागाकर्ता.

डावा_विंगर

+१. २०१० ला पण तीच चार बोटं. ०-०, स्नायडरचा पास, रॉबेन एकटा धावतोय, समोर फक्त स्पेनचा गोलकीपर कासियास. कासियास चुकीच्या बाजूला पडलाही होता, पण पाय मागे राहिला आणि बुटाच्या टोकाला लागून चेंडू बाहेर. मग ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताचा गोल.

फळा_आणि_खडू

२०१० बद्दल मला सहानुभूती नाही. त्या फायनलमध्ये नायजेल डी योंगने शाबी अलोन्सोच्या छातीत बूट रोवला आणि पिवळ्या कार्डावर सुटला. हायटिंगा शेवटी लाल कार्ड घेऊन गेला. स्वतः क्रायफने आपल्या देशाच्या संघावर जाहीर टीका केली.

आता माझा सिद्धांत ऐका. डचांचं घोडं पेंड खातं ते फळ्यावर. १९७४ ला प्रशिक्षक मिशेल्सने जे उभं केलं, त्याचा त्या देशात धर्म झाला: ४-३-३ (चार बचावाला, तीन मधे, तीन पुढे), दोन्ही कडांना विंगर, मैदान रुंद करायचं, चेंडू गेला की झुंडीने परत घ्यायचा. बचावपटू पुढे गेला तर मधला मागे येतो, जागा रिकामी राहत नाही. खेळाडूला जागा कळली पाहिजे, नंबर नव्हे. कल्पना इतकी सुंदर, की पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकाला आधी 'तू शुद्ध आहेस का' हे सिद्ध करावं लागतं आणि मग सामना जिंकावा लागतो. २०१४ ला प्रशिक्षक फान गालने मधल्या फळीतला स्ट्रूटमन जखमी झाल्यावर मागे पाच जण उभे केले, तर केवढा गहजब झाला. त्याच पाच जणांनिशी जगज्जेत्या स्पेनला ५-१ हाणलं, फान पर्सीचा तो सूर मारून घेतलेला हेडर आठवा. मग गहजब थांबला, तोही तात्पुरता.

इटलीवाले १-० ला लाजत नाहीत. डच लाजतात.

तिरकस

फळासाहेब, म्हणजे ब्राह्मण्याचा प्रश्न आहे तर. सोवळ्यात खेळायचं आणि उपाशी झोपायचं.

व्यवस्थापक

धागा फुटबॉलपुरता ठेवावा ही विनंती.

गणिती

शांतपणे आकडे देतो, मग भांडा.

वर्ल्डकप आणि युरो (युरोपातल्या देशांचा कप) मिळून नेदरलंड्स आठ वेळा पेनल्टी शूटआउटला गेलं. १९९२ डेन्मार्क, हार (फान बास्टेनची पेनल्टी अडवली गेली). १९९६ फ्रान्स, हार. १९९८ ब्राझील, हार. २००० इटली, हार. २००४ स्वीडन, जीत. २०१४ कोस्टारिका, जीत. २०१४ अर्जेंटिना, हार. २०२२ अर्जेंटिना, हार. आठात दोन. यातली २००० ची ॲमस्टरडॅममधली हार तर म्युझियममध्ये ठेवण्यासारखी: इटली दहा जणांनिशी, डचांना सामन्यातच दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया, मग शूटआउटमध्ये आणखी तीन.

आता दुसरा आकडा. २०१० च्या फायनलनंतर वर्ल्डकपमध्ये नेदरलंड्स किती सामने हरलं? खेळून एकही नाही. २०१४ चे सात, २०२२ चे पाच, बारा सामने, १२० मिनिटांत कोणाला हरवता आलेलं नाही. दोन्ही वेळा बाहेर पडले ते अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर. म्हणजे पेंड कुठे खातंय ते मोजून दाखवता येतं: गोलपासून ११ मीटरवर.

डावा_विंगर

बारा सामने! हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

सासूबाई_ऑफसाइड

गणितींना अनुमोदन. आणि २०१४ चा क्रुल किस्सा सांगायलाच हवा. कोस्टारिकाविरुद्ध १२० वं मिनिट, फान गालने चांगला-भला गोलकीपर सिलेसन काढून राखीव गोलकीपर क्रुलला आत पाठवलं, फक्त पेनल्टीसाठी. क्रुल प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन काहीतरी पुटपुटत होता, दोन अडवल्या. सगळं जग फान गालला अलौकिक म्हणू लागलं. चार दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल आधीच वापरून झालेले, क्रुल बाकावर, आणि सिलेसनला एकही अडवता आली नाही. म्हणजे किल्ली होती, पण दुसऱ्या पँटमध्ये.

घुबड

'दुसऱ्या पँटमध्ये' 😄 दंडवत.

फळा_आणि_खडू

गणिती, आकडे बरोबर पण निष्कर्ष अर्धा. पेनल्टीपर्यंत सामना का जातो? कारण १२० मिनिटं समोरच्याला अडवता येतं, मारता येत नाही. २०१४ ला लागोपाठ दोन सामने ०-०. रॉबेन-फान पर्सी असताना.

गणिती

मान्य. पण २०२२ ला उलट झालं की. ०-२ ने मागे, ८३ व्या मिनिटाला वेगहोर्स्टचा हेडर आणि ९०+११ ला ती फ्री किक! सगळं लुसैल स्टेडियम समजतंय की आता थेट गोलवर मारणार. कूपमाइनर्सने हलकेच चेंडू भिंतीपाशी सरकवला, तिथे वेगहोर्स्ट पाठ करून उभा. वळला, मारला, २-२. शाळेतल्या पोरांनी मधल्या सुट्टीत ठरवावी तशी युक्ती, वर्ल्डकपच्या क्वार्टर फायनलमध्ये. यांना लाजाळू म्हणणं बरोबर नाही. पुढे त्यांचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने पहिल्या दोन पेनल्टी अडवल्या, फान डाइकची आणि बर्गहाउसची.

आम्स्टेलकर

ती रात्र मी शेजारच्या आजोबांकडे होतो. डिसेंबर, बाहेर मरणाची थंडी. एरवी वर्ल्डकप उन्हाळ्यात असतो, रात्री दहापर्यंत उजेड, गल्लीभर नारिंगी पताका, लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून. तेव्हा निम्म्या घरांच्या खिडक्यांत ख्रिसमसचे दिवे आणि एकट्या आजोबांच्या दारावर नारिंगी पताका, वाऱ्याने नळीला गुंडाळलेल्या.

वेगहोर्स्टचा दुसरा गोल झाल्यावर हा ऐंशीकडे झुकलेला माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मला वाटलं तब्येत बिघडली. तर म्हणाला, आता पेनल्टी येणार, मी बघत नाही. उठून स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायला लागला. मी इकडून ओरडून निकाल सांगत होतो, तिकडून नळाचा आवाज वाढत होता. शेवटची अर्जेंटिनाची पेनल्टी आत गेल्यावर मी काहीच ओरडलो नाही. नळ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी धरली, त्यांनी पताका उतरवल्या, पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर नीट गुंडाळल्या आणि खोक्यात ठेवल्या. खोक्यावर मार्करने वर्षं लिहिलेली आहेत, एकाखाली एक. २०१४ नंतर एकदम २०२१ आहे, कारण मधे २०१६ चा युरो आणि २०१८ चा वर्ल्डकप, दोन्हींना संघच नव्हता. पुढे काही शेरा नाही, नुसती वर्षं. आजोबांचं लग्न १९७४ च्या जूनमधलं आहे, एवढंच सांगतो. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

घुबड

…

जुना_खोंड

आम्स्टेलकर, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

नाममात्र_मिडफिल्डर

इतका वेळ वाचतेय, कोणीतरी काढेल विषय म्हणून. नेदरलंड्सचा बायकांचा संघ नावाची चीज आहे हे माहीत आहे ना मंडळी? २०१७ चा युरो घरच्या मैदानावर जिंकला, फायनलला डेन्मार्क ४-२. २०१९ ला वर्ल्डकपच्या फायनलमध्ये, ल्योंला, अमेरिकेकडून ०-२. म्हणजे हरलेल्या फायनल तीन नाहीत, चार आहेत.

आणि तारीख? ७ जुलै.

गणिती

थांबा थांबा. १९७४ ची फायनल ७ जुलै. १९९८ ची ब्राझीलविरुद्धची सेमी फायनल पण ७ जुलै! धागाकर्त्याची उडी ४ जुलैची.

तिरकस

सापडलं घोडं. पंचांग बघून खेळा म्हणावं.

डावा_विंगर

चूक मान्य, बायकांचा संघ विसरायला नको होता. जिंकण्याचं म्हणाल तर पुरुषांनीही १९८८ चा युरो जिंकलाय. मिशेल्स परत प्रशिक्षक, सेमी फायनलला जर्मनी २-१, आणि फायनल त्याच म्युनिकच्या स्टेडियममध्ये. फान बास्टेनने जवळजवळ गोलरेषेच्या कोनातून मारलेली ती व्हॉली भूमितीत बसत नाही. म्हणजे जिंकता येतं यांना. वर्ल्डकप म्हटलं की काय होतं?

घुबड

बादवे, यांचा क्रिकेट संघही विसरू नका. दक्षिण आफ्रिकेला २०२२ ला ॲडलेडमध्ये आणि २०२३ ला धरमशालेत धूळ चारली. चोकरांनीच (ऐन मोक्याला कच खाणाऱ्यांनीच) चोकरांना हरवायचं, काट्याने काटा.

नाममात्र_मिडफिल्डर

अवांतर चाललंच आहे तर माझंही एक. यंदा वर्ल्डकपला खरं तर दोन नेदरलंड्स आहेत. क्युरासाव! नेदरलंड्सच्याच राज्यातलं कॅरिबियन बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, आजवर पात्र ठरलेला सर्वांत छोटा देश. जमैकाला किंग्स्टनमध्ये ०-० रोखलं आणि आत. बहुतेक खेळाडू जन्मलेले नेदरलंड्समध्येच, डच क्लबांत तयार झालेले. आणि त्यांना पात्र करणारा प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट, म्हणजे १९९४ ला डॅलसमध्ये ब्राझीलकडून २-३ हरलेल्या डच संघाचा प्रशिक्षक. त्यांचा पहिला सामना जर्मनीशी.

गंमत बाजूला, पण यात एक मुद्दा आहे. गुलिट (खुलित!), रायकार्ड, सेडोर्फ, डाविड्स, क्लाइव्हर्ट, आजचा फान डाइक, या सगळ्यांची मुळं सुरिनाममध्ये. पावणेदोन-दोन कोटींच्या देशाने ब्राझील-जर्मनीच्या पंगतीला बसावं यात त्या मुळांचा मोठा वाटा आहे. आपण 'कप का नाही' विचारतो, खरं तर 'तीन फायनल कशा काय' हे विचारायला हवं.

फळा_आणि_खडू

हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. माझा सिद्धांत निम्मा मागे घेतो. (निम्माच.)

सासूबाई_ऑफसाइड

मग आता २०२६ चं बोलू या. पात्रता फेरीत आठ सामने, सहा जिंकले, दोन बरोबरीत, दोन्ही बरोबऱ्या पोलंडशी. आणि प्ले-ऑफच्या ज्या वाटेवरून चौथा संघ येणार आहे त्यात पोलंड आहेच, शिवाय युक्रेन, स्वीडन, अल्बानिया. पोलंड आला तर पुन्हा १-१ लिहून ठेवा.

जमेची बाजू: मागची फळी, फान डाइकसारखा कर्णधार, मधे फ्रेंकी डी योंग, खावेनबेर्ख, रायंडर्स. उधारीची बाजू: नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा हुकमी फॉरवर्ड. डिपायने फान पर्सीचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकला, देशाचा सर्वाधिक गोलांचा मानकरी झाला, सगळं खरं. पण बर्गकॅम्प-फान बास्टेनच्या खुर्चीत सध्या गाखपो डावीकडून येऊन अधूनमधून बसतो, तेवढंच. आणि फान डाइक जुलैत पस्तिशीचा होतोय.

गणिती

वाटही बघा. गटात पहिले आले तर पुढचा सामना 'सी' गटातल्या दुसऱ्याशी. दुसरे आले तर 'सी' गटातल्या पहिल्याशी. 'सी' गटात ब्राझील आणि मोरोक्को आहेत. म्हणजे जपानचा पहिलाच सामना निम्मी स्पर्धा ठरवणार. शिवाय ४८ संघ झाल्याने कपसाठी आता सात नव्हे, आठ सामने. एक बाद फेरी जास्त, म्हणजे पेनल्टीची एक संधी जास्त.

तिरकस

संधी म्हणू नका, दुखापत म्हणा.

डावा_विंगर

माझा अंदाज: क्वार्टर फायनल. मन म्हणतं फायनल. मनाचं ऐकून १९९८ पासून काय मिळालं ते वर लिहिलंच आहे. पण घोडं कुठे पेंड खातं याचं मला गणितींचंच उत्तर पटतंय. मिशेल्स, क्रायफ, फळा, सोवळं हे सगळं ११ मीटरच्या अलीकडचं. त्यापलीकडे फक्त एक माणूस, एक चेंडू आणि भांडी घासणारे आजोबा.

फळा_आणि_खडू

निम्मा सिद्धांत अजून शिल्लक आहे माझा. जूनमध्ये बघू.

जुना_खोंड

मी यंदा जागून बघणार. डॉक्टर नको म्हणालेत. डॉक्टरांना फुटबॉल कळत नाही.

आम्स्टेलकर

नमस्कार पोचवला. आज संध्याकाळीच भेटले, पोटमाळ्यावरून खोकं खाली काढलंय. अजून सहा महिने आहेत म्हटलं, तर म्हणाले, दोन पताका उंदराने कुरतडल्यात, वेळेत नवीन आणायला हव्यात. २०२६ लिहून झालंय. शिडी धरायला मला १४ जूनला सकाळी बोलावलंय, जपानच्या सामन्याच्या दिवशी.

घुबड

आणि भांडी?

आम्स्टेलकर

डिशवॉशर घेतलाय त्यांनी गेल्या वर्षी. आता पेनल्टीच्या वेळी काय करणार, विचारायचं धाडस झालं नाही.